निळ्या किटलीच्या घराची कडी

पुलावरच्या संताच्या पुतळ्याखाली चित्रं कोरलेले पितळेचे दोन पट आहेत. हात लावला की माणूस पुन्हा प्रागला येतो, असं मानतात ते एकाच पटाबद्दल. पण दुसऱ्यावर एक कुत्रा आहे, तो हाताशी येतो, म्हणून लोक त्यालाच चोळतात आणि आता तो सोन्यासारखा चमकतो. आम्ही गाईड लोक हे रोज बघतो. मागे तीस माणसं खोळंबलेली असताना कोण दुरुस्त करत बसणार? मी करायचो. गाईड होण्याआधी अठरा वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला होता आणि ती खोड गेली नव्हती. प्रत्येक इमारतीचं साल वहीत टिपलेलं, वही कायम खिशात. माझ्यासारखाच गाईड असलेला रादोवान म्हणायचा, "ओता, तू लोकांना फिरवत नाहीस, त्यांची परीक्षा घेतोस."

खोटं मी फक्त एका जागी बोललो.

पुलाच्या पलीकडे नदीकडे उतरणारा एक बोळ आहे. दोन माणसं समोरासमोर आली की एकाला उलटं चालत वर यावं लागतं, इतका अरुंद. म्हणून तिथे चालणाऱ्यांसाठी सिग्नल बसवला आहे. लाल दिवा लागला की अख्खा गट वर ताटकळतो. अशा वेळेसाठी प्रत्येक गाईडच्या पोतडीत एखादी दंतकथा असते. ती खरी का, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही. चांगली असली तर उचलतो.

माझ्याकडे दंतकथा नव्हती. त्या दिवशी जानेवारीची थंडी होती, गटातले म्हातारे स्पॅनिश लोक पाय आपटत होते. एका बाईंनी शेजारच्या दाराकडे बोट दाखवून विचारलं, ही कडी कसली? दारावरच्या चित्रावरून त्याला निळ्या किटलीचं घर म्हणतात. दाराला साधी लोखंडी कडी, तिच्याबद्दल कुठल्याही पुस्तकात एक ओळ नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "सोळाशे ऐंशी. प्लेगचं वर्ष. इथे दोर वळणाऱ्याची मुलगी उभी राहिली होती. अपोलेना."

अपोलेना माझी मुलगी. आदल्या फेब्रुवारीत न्यूमोनियानं गेली, नऊ वर्षांची होती. त्या सकाळी मी कामावर गेलो होतो. पावणेबाराला दवाखान्यातून निरोप आला तेव्हा चाळीस माणसं घेऊन मी चौकातल्या घड्याळाखाली उभा होतो, आणि बाराचे ठोके पडून घड्याळातले पुतळे फिरून होईपर्यंत तिथेच थांबलो. लोक त्याच्यासाठीच आले होते ना. पोचलो तेव्हा तिचा हात गार पडला होता. त्यानंतर अकरा महिने घरात ना मी तिचं नाव घेतलं, ना माझ्या बायकोनं, हेदविकानं. हेदविका दर रविवारी एकटीच तिच्या कबरीवर जायची.

आणि आता ते नाव मी भर रस्त्यात मोठ्यानं घेतलं होतं. मला रडू यायला हवं होतं. उलट इतकं हलकं वाटलं की सिग्नल हिरवा झाला तरी बोलत राहिलो. मुलीला ताप होता, घरच्यांनी भीतीनं दार उघडलं नाही, ती कडी धरून उभी राहिली. तिचे हात गार पडू नयेत म्हणून येणारेजाणारे कडीला हात लावतात, असं मी ठोकून दिलं. स्पॅनिश म्हाताऱ्यांनी हातमोजे काढले आणि एकेकानं कडी धरली.

दिवसातून चार गट. चार वेळा मला तिचं नाव घ्यायला मिळू लागलं. हळूहळू मी गोष्टीत भर घालत गेलो, आणि ती सगळी माझ्या अपोलेनाची होती. तिच्या करड्या कोटाचं दुसरं बटण हरवलं होतं, तिथे हेदविकानं लाल लावलं होतं. ते लाल बटण मी दोरवाल्याच्या मुलीला दिलं. पुढच्या दातांच्या फटीतून ती शीळ घालायची, तीही दिली. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. रादोवाननं गोष्ट उचलली, मग इतरांनी. वसंतापर्यंत कडी पुलावरच्या कुत्र्यासारखी चकचकीत झाली. लोक म्हणायचे, कोमट लागते. उन्हाचं लोखंड, मी म्हणायचो. त्या बोळाच्या तोंडाशी ऊन येत नाही हे मला ठाऊक होतं.

मे महिन्यात कपाट आवरताना कोट हाताला लागला. चारही बटणं करडी होती. धागा जुना, शिवण कारखान्याची. हेदविकाला विचारलं तर म्हणाली, "लाल कशाला लावेन मी करड्या कोटाला?"

दुःखात माणसाच्या लक्षात राहत नाही, असं मी स्वतःला समजावलं. मग तिच्या आठव्या वाढदिवसाची ध्वनिफीत लावली. केक कापतानाच्या टाळ्या होत्या, हसणं होतं. शीळ होती तिथे नुसती खरखर. भिंतीवरच्या फोटोत तिचे दात एकाला एक लागून होते.

मी वहीत दोन रकाने आखले. एकीकडे गोष्टीत सांगितलेलं, दुसरीकडे घरातून गेलेलं. दोन्हींत एकही ओळ कमीजास्त नव्हती.

त्याच दिवसापासून मी बोळाकडे जाणं बंद केलं. रादोवानला गाठून विनवलं, ती गोष्ट सांगू नकोस, ती माझी आहे. तो हसला.

"तुझी? अरे, मी या धंद्यात आलो तेव्हा माझ्या उस्तादानं शिकवली मला ती. पंचवीस वर्षं झाली."

"तिचं नाव मी ठेवलंय, रादोवान. माझ्या मुलीचं नाव आहे ते."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. चेष्टा करत नव्हता. "ओता," तो म्हणाला, "तुला मुलगी कुठाय?"

घरी आलो तो रविवार होता. हेदविका स्वयंपाकघरात कणकेचे गोळे उकडत होती. मी विचारलं, आज कबरीवर गेली नाहीस?

"कुणाच्या?" ती म्हणाली.

मी आतल्या खोलीत गेलो. पलंग नव्हता. शिवणयंत्र होतं, त्याच्याखाली जमिनीवर त्याच्या पायांच्या जुन्या खुणा होत्या. कपाटात टेबलावर घालायच्या चादरी होत्या.

भिंतीवर आम्हा दोघांचा फोटो होता.

हेदविका दारात येऊन उभी राहिली. मी काय शोधतोय ते तिला कळलं असावं, कारण ती फार हळू बोलली. "ओता, आपण त्यावर पुन्हा बोलायचं नाही असं ठरलं होतं ना? नाही झालं आपल्याला मूल. झालं आता."

आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली आहे. त्या सकाळी मी निघताना अपोलेना मला काहीतरी म्हणाली होती. एकच वाक्य. ते मी हेदविकाला सांगितलं नाही, बोळात कधी सांगितलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही. ते माझ्यापाशी आहे तोवर ती होती.

काल राहवलं नाही म्हणून दुपारी बोळापाशी गेलो. रादोवानचा गट लाल दिव्याला थांबला होता. मी मागे उभा राहिलो. ताप, बंद दार, लाल बटण, शीळ, सगळं जसंच्या तसं. मग तो म्हणाला, "शेवटी तिनं आपल्या बापाला एक वाक्य सांगितलं. ते काय होतं, बापानं कुणालाच सांगितलं नाही. म्हणून ती अजून दाराशी उभी आहे." हे मी कधीच रचलं नव्हतं.

लोक कडीला हात लावत होते आणि चटकन मागे घेत होते. बर्फासारखी गार आहे, एक बाई म्हणाली. ऑगस्ट महिना. मी हात लावला. तो गारठा मला ओळखीचा होता.

रात्रभर विचार केला. वाक्य ठेवलं तर ती तिथे कुडकुडत उभी राहणार. दिलं तर माझ्याकडे काही उरणार नाही. एकदा मी तिला ताटकळत ठेवलं आहे, घड्याळाच्या बाहुल्यांसाठी. पुन्हा ठेवणार नाही. सकाळी जातो.

इथपर्यंतचं माझ्या वहीत आहे. अक्षर माझं आहे, सालं बरोबर आहेत, म्हणून खोटं म्हणवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की सकाळी निळ्या किटलीच्या घराच्या कडीशी वाकून मी काहीतरी पुटपुटलो. मागे रादोवानचा गट होता, कुणीतरी हसलं. कडी कोमट होती. मग दिवा हिरवा झाला.

छान गोष्ट आहे. उद्यापासून मीही सांगेन म्हणतो. रादोवाननं आज तिचा शेवट सांगितला. मुलीचं ते वाक्य ऐकून दोन बायका रडल्या, मला मात्र ते ओळखीचं वाटलं नाही.

संध्याकाळी घरी पानं मी घेतली. हेदविका सूप घेऊन आली आणि टेबलाशी थबकली. "कुणी येणार आहे का?"

मी बघितलं. तीन वाडगे मांडले होते. तिसऱ्याशी छोटा चमचा होता.

"नाही," मी म्हणालो आणि तो उचलून ठेवला.