साडेनऊ तासांची भरती

सातशे मीटर खोल खडकातलं पाणी हलतं का, एवढंच मला सांगायचं होतं. नाही म्हटलं की अणुभट्टीचा कचरा तिथे लाखभर वर्षांसाठी पुरला जाणार. सही माझी. माझं घर त्याच डोंगराच्या पायथ्याशी, त्यामुळे सही ठोकून मोकळी होणाऱ्यातली मी नव्हे.

खडकाचा तुकडा वर आला की ड्रिलरमामा आधी त्याला जीभ लावत. जितकं खारट तितकं जुनं, हा त्यांचा ठोकताळा. नियमात बसत नव्हतं, पण तपासणीने त्यांना कधी खोटं पाडलं नाही. मग मीही चाखायला लागले. यावेळचं पाणी इतकं खारट, की डोळे मिटले. वय निघालं दीडशे कोटी वर्षं.

ते बारा काचनळ्यांत भरलं आणि नळ्यांची तोंडं वितळवून बंद केली. तिसऱ्या दिवशी पातळी केसभर वर दिसली. म्हटलं, चष्मा बदलायला झाला. तरी कॅमेरा लावला. बाराही नळ्यांतलं पाणी एकदमच चढत होतं, एकदमच उतरत होतं. दर साडेनऊ तासांनी. खोलीचं तापमान जराही हललं नव्हतं.

मामांनी आलेख पाहिला. "ही तर भरती-ओहोटी. पण समुद्राला बारा-साडेबारा तास लागतात ना, मॅडम?"

"आताच्या समुद्राला," मी म्हटलं.

दीडशे कोटी वर्षांपूर्वी चंद्र जवळ होता. दिवस होता एकोणीस तासांचा, आणि दिवसाला भरत्या दोन. तो समुद्र केव्हाच आटला, आणि दगडात कोंडलेलं त्याचं पाणी अजून त्याच जवळच्या चंद्राकडे चढत होतं. इतकं मोठं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. भीती वाटायचंही सुचलं नाही.

मग मामांनी खिशातून कागद काढला. त्यांचं तोंड आपोआप खारट व्हायचं, त्या वेळा त्यांनी टिपल्या होत्या. प्रत्येक वेळी साडेनऊ तासांचं अंतर.

पुढची भरती चार वाजून दहा मिनिटांनी होती.

मी अहवाल घेऊन घरी आले. 'पाणी खडकाबाहेर जात नाही.' खाली सहीची जागा कोरी.

लेक शाळेतून आली, दप्तर टाकून माझ्या मांडीवर बसली. सकाळी निघताना रोजच्यासारखाच मी तिचा पापा घेतला होता.

"आई, माझं तोंड खारट झालंय."

मी घड्याळ पाहिलं नाही. माझ्याही जिभेवर मीठ चढत होतं.