ऐंशी किलो मध गेला कुठे?

“ढब्बू, बरणी आपटलीस तर बघ!” चष्मी ओरडली.

“अगं, मधाची बरणी जडच आहे मुळी! पाण्याची बघ कशी पटकन उचलली. दोन्ही बरण्या तर अगदी सारख्या!”

भावाला दटावायला उघडलेलं तोंड चष्मीने मिटलं. स्वारी पहिल्यांदाच काहीतरी कामाचं बोलली होती!

सुट्टीला आत्याकडे येऊन त्यांना सहा दिवस झाले होते, आणि इतके मुके दिवस दोघांनी कधी पाहिले नव्हते. आत्या मध संकलन केंद्रात चौदा वर्षं काम करत होती. आलेला मध काट्यावर तोलायचा, किलो वहीत लिहायचे आणि मध टाकीत ओतायचा. मागच्या आठवड्यात नवे गोदामप्रमुख आले आणि त्यांनी टाकीत खुणांची पट्टी बुडवली. वहीत दोनशे ऐंशी, पट्टीवर दोनशे! ऐंशी किलो मध गेला कुठे? टाकीची किल्ली एकट्या आत्याकडे. झालं! शेजारपाजारचे तिला बघून रस्ता बदलायला लागले. दुपारी चहाला येणाऱ्या मैत्रिणी फिरकेनात. वाईट म्हणजे, आत्याचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता. “मीच कुठे चुकले असेन,” भाजी चिरताना ती भिंतीकडे बघून म्हणायची.

आज अकरा वाजता केंद्राच्या अध्यक्षबाई येऊन आत्याला कामावरून काढणार होत्या. आत्या केंद्रावर गेलीसुद्धा होती.

“शुक् शुक्!” मागच्या भिंतीवरून शेजारची मैत्रीण वेणी डोकावली. तिचे बाबा केंद्रात पहारेकरी होते. “आईने तुमच्याकडे जायला मनाई केलीय. भिंतीवरून बोलायला नाही!”

“मग पटकन सांग, त्या पट्टीवर खुणा कसल्या आहेत?”

“लिटरच्या. मी स्वतः वाचल्यात.”

“आणि आत्या लिहिते किलो!” चष्मी उडालीच. “वेणी, तुमच्याकडचं लिटरचं माप आण. पळ!”

वेणीने माप आणलं आणि मनाई भिंतीपलीकडे ठेवून उडी मारली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामं माप भरलं दोनशे ग्रॅम. पाणी भरल्यावर एक किलो दोनशे. म्हणजे एक लिटर पाणी एक किलो. मग माप पुसून मध काठोकाठ ओतला. काटा सरकत एक किलो सहाशेवर थांबला!

“मापाचे दोनशे वजा,” चष्मीने हिशेब केला. “एक लिटर मध म्हणजे एक किलो चारशे! चला!”

तिघं धापा टाकत केंद्रावर पोचली, तेव्हा आत्या एका टोकाला उभी होती आणि बाकी सगळे दुसऱ्या टोकाला.

“थांबा!” चष्मी ओरडली. “तुमची पट्टी लिटर मोजते, काका!”

“मग काय बिघडलं?” गोदामप्रमुख हसले. “वीस वर्षं दूध डेअरीत काढलीत मी. लिटर काय नि किलो काय, एकच!”

“दुधाचं जवळपास तसंच असेल. मधाचं नाही!”

अध्यक्षबाईंनी काटा मागवला. गोदामप्रमुखांनी स्वतःच्या हाताने माप भरलं, तोललं आणि पुन्हा तोललं.

“एका लिटरचे एक किलो चारशे,” अध्यक्षबाई पुटपुटल्या, “तर दोनशे लिटरचे...”

“दोनशे ऐंशी!” ढब्बू किंचाळला. “मध टाकीतच आहे!”

“शाबास रे पोरांनो! आम्हा मोठ्यांना हे सुचू नये?” अध्यक्षबाईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या. गोदामप्रमुखांनी मान खाली घालून आत्याकडून काढून घेतलेली किल्ली पुढे केली. “चुकलो, ताई.”

आत्याने किल्ली घेतली. “तुम्ही नवे आहात, साहेब. तुमची चूक समजू शकते. पण हे सगळे मला चौदा वर्षं ओळखतात. एकानेही दाराशी येऊन विचारलं नाही, ‘काय झालं गं?’”

घोळक्यातून वेणीचे बाबा पुढे आले. “आज संध्याकाळी येऊ का आम्ही? सगळेच?”

आत्याने डोळे पुसले.

“उद्या या,” ती म्हणाली. “आज मला या तिघांबरोबरच घरी जायचंय.”