तापलेल्या छताखालची कचेरी

दुपारी दोनला ऊन सगळ्यांत कडक होतं. मग चौथ्या मजल्याचं छत संध्याकाळी सहाला त्याहून जास्त कसं तापलं?

ऋजुता वहीतल्या आकड्यांकडे बघतच राहिली. सन २०५१चा मे महिना होता. चंद्रपुरातल्या त्या जुन्या कचेरीचे जिने ती आजोबांबरोबर चार दिवस चढत-उतरत होती. पोटऱ्या भरून आल्या होत्या.

"पालू, चुकलास का रे?"

"नाही. दोनदा मोजलं. बेचाळीस अंश," छताला चिकटलेला इवलासा रोबो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत उष्मा-कॅमेरा (उष्णता रंगांत दाखवणारा कॅमेरा) होता.

आजोबा प्रल्हाद गावंडे इमारतींचे शास्त्रज्ञ होते. आतापर्यंत त्यांनी अठरा इमारती तपासल्या आणि त्यांतल्या अकरा त्यांनी 'पाडू नका' सांगूनही पाडल्या गेल्या. विटा भाजायला, सिमेंट करायला लागलेली सगळी ऊर्जा मातीत गेली. ते आता खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"काँक्रीट जाड असतं, पोरी. वरून शिरलेली उष्णता खालपर्यंत यायला चारेक तास लागतात. याला म्हणतात उष्णता-विलंब (उष्णतेला आरपार यायला लागणारा वेळ)."

"म्हणजे दुपारचं ऊन आत्ता खाली उतरतंय! मग थंडाव्याचं यंत्र कितीही मोठं आणलं तरी ते छताशीच झुंजत बसणार. ऊन वरच्या वर परतवायला नको का?"

आजोबांनी डोळे उघडले.

तेवढ्यात कचेरीच्या अधीक्षक मंदाताई ठवकर आल्या. घामाने त्यांचा चष्मा घसरत होता. "काका, आज आणखी दोघांना चक्कर आली. इमारत पाडायची की ठेवायची, परवा कळवायचंय मला."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा," ऋजुताच बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने आणि दोन मजुरांनी अर्ध्या गच्चीला चुना फासला. पांढरा रंग बरंचसं ऊन परावर्तित करतो (माघारी धाडतो). आजोबांची कंबर वाकेना. ते टाकीच्या सावलीत बसून नुसते सांगत राहिले.

सहा वाजता पालूने आकडे वाचले. "पांढऱ्या भागाखाली छत्तीस. उरलेल्या भागाखाली बेचाळीस."

मंदाताई मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालल्या. मग गार बाजूच्या टेबलाशी बसून त्यांनी लिहिलं, 'इमारत पाडू नये.'

"आणि खिडक्यांचं काय करायचं, काका?"

"पश्चिमेकडच्या खिडक्यांना बाहेरून सावली करू. फटी बुजवू. महिनाभराचं काम आहे."

"मग उद्या सकाळीच या."

"उद्या नको, बाई," आजोबा कमरेवर हात ठेवून कसेबसे उठले. "उद्या मी झोपणार आहे. परवा येतो."

ऋजुता मात्र पश्चिमेच्या खिडक्या मोजायला लागली होती. एक, दोन, तीन... एकूण सदतीस निघाल्या.