दोनशे बारा पत्रांतलं एक

रेनकोट त्याने शिलाई मशीनला घातला होता आणि स्वतः मात्र नखशिखांत भिजला होता. दुकानाच्या दारात उभा राहून तो आधी मशीनवरचं पाणी टिपायला लागला... आणि मग केस. मला हसू आलं. मी ते दाबलं, कारण पाच दिवसांनी एक गिऱ्हाईक आलं होतं.

"टाका सोडतंय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"परवापासून. दुसरीकडे कुठे सोय असती तर ही पायरी चढलो नसतो, खरं सांगतो."

"का बरं? पायरी चावते?"

"पायरी नाही, तुमचे व्यवस्थापक चावतात." त्याने मशीन काउंटरवर ठेवलं. "मी माझ्या वेबसाइटवर या दुकानाबद्दल चार चांगले शब्द लिहिले होते. लिंकही दिली होती. त्यावर मला पत्र – 'आपल्या निकृष्ट संकेतस्थळावरील आमची लिंक चोवीस तासांत काढून टाकावी.' निकृष्ट! काढली मी. कुठे आहेत ते महाशय? मला एकदा बघायचंय त्यांना."

ते महाशय त्याच्यासमोरच उभे होते, हातात पावतीपुस्तक धरून.

"ते... बाहेरगावी गेलेत," मी म्हणाले.

आता सांगतेच. माझी नोकरीच ही आहे. लोक सर्चमध्ये काही शोधतात तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट वर दिसाव्यात, हे बघायचं. त्याला दोन गोष्टी लागतात – वाचण्याजोगा मजकूर, आणि दुसऱ्या चांगल्या साइट्सनी आपणहून दिलेल्या लिंका. आपणहून! पण आत्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान वर आणायचं म्हटल्यावर मला दम कुठला निघायला? मी पानभर 'शिलाई मशीन दुरुस्ती, उत्तम शिलाई मशीन दुरुस्ती' एवढंच लिहिलं. आत्या वाचून म्हणाली, "पाढे म्हणतेयस का गं?" आणि लिंका चक्क विकत घेतल्या, ठोक भावात. महिनाभर दुकान पहिल्या पानावर झळकलं. मग सर्चवाल्यांनी चोरी पकडली आणि ते थेट नवव्या पानावर जाऊन आपटलं. विकतच्या लिंका काढल्याशिवाय शिक्षा उठणार नव्हती. घाबरून मी लिंक देणाऱ्या सगळ्या साइट्सची यादी काढली आणि खाली 'व्यवस्थापक' अशी सही करून एकच पत्र सगळ्यांना धाडलं. दोनशे बारा पत्रं. एकही साइट उघडून बघितली नाही.

दुकानातला फोन वाजायचा थांबला. दुसऱ्या शहरातून आतेभावाने आत्याला बजावलं, आता पुरे, महिनाअखेरीला शटर ओढ आणि माझ्याकडे राहायला ये. आत्या 'बरं' म्हणाली. तीस वर्षं मशीनच्या तेलात हात घातलेली बाई नुसतं 'बरं' म्हणाली! फोन का थांबले, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. महिना संपायला अकरा दिवस उरले होते.

तो गेल्यावर मी त्याची साइट उघडली. तो नाटकांचे कपडे शिवायचा, शिवण शिकवायचा आणि शिकवलेलं सगळं तिथे लिहून ठेवायचा. हजारो लोक वाचत होते. शिवणकामातलं काहीही शोधा, तोच वर. दोनशे बारांत खरी, आपणहून दिलेली लिंक ही एकच होती, आणि मी तिलाच 'निकृष्ट' म्हटलं होतं. त्या एका लिंकेने दुकान पुन्हा वर आलं असतं. मी डोकं धरून बसले.

मशीनचं शटल, खालचा दोरा धरणारा भाग, झिजलं होतं. आत्याने त्याला फोनवर सांगितलं, नवं यायला आठ दिवस लागतील. तो "चालेल" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

"मशीन कसंय?"

"काल होतं तसंच."

"एकटं वाटत असेल त्याला."

"मशीनला?"

"मग दुसरं कोणाला?" तो म्हणाला, पण बघत होता माझ्याकडे. मी उगीचच बॉबिनचा डबा उघडला आणि बंद केला.

मग तो रोजच यायला लागला. ऑफिसातून सुट्टी काढून मी साइटची सगळी पानं पुसली होती आणि नव्याने लिहीत होते. आत्या बोलायची, मी लिहायचे. तो स्टुलावर बसून मध्ये तोंड घालायचा.

"लोक 'दुरुस्ती' कुठे शोधतात गं?" आत्या म्हणाली. "खालचा दोरा गुंततोय, काय करू, असं विचारतात."

"माझ्या वर्गातल्या बायका तर म्हणतात, मशीन रुसलंय," तो म्हणाला.

मी तेही लिहिलं. चौथ्या दिवशी तो तिला 'आत्या' म्हणायला लागला. पाचव्या दिवशी चहाचा कप देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... आणि दोघांपैकी कोणीच घाई केली नाही. मला तो आवडायला लागला होता. आणि मला त्याची लिंकही हवी होती! लिंक मागितली तर त्याला वाटणार, हसणं, चहा, सगळं त्यासाठीच होतं. नाही मागितली तर आत्याचं शटर खाली. इकडे आड, तिकडे विहीर.

महिना संपायला पाच दिवस राहिले तेव्हा त्याने स्वतःच विषय काढला.

"पानं छान झालीत. मी पुन्हा लिहीन दुकानाबद्दल, लिंक देईन. फक्त त्या व्यवस्थापकाने माफीच्या दोन ओळी लिहाव्यात. मग माझं काही म्हणणं नाही."

इतकं सोपं! दुपारी मी व्यवस्थापकाच्या नावाने पत्र लिहिलं. 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत.' बोट बटणावर ठेवलं. एकदा दाबलं की दुकान वाचत होतं, तो हसत येणार होता आणि कोणाला काही कळणार नव्हतं. मी बोट ठेवून बसले... बसले... पत्र दिलगीर होतं, मी कुठे होते? मी लपत होते. उद्या हा माणूस माझा हात हातात घेईल, तेव्हाही तो व्यवस्थापक बाहेरगावीच असणार?

मी पत्र पुसून टाकलं. संध्याकाळी तो आला. तो बसायच्या आत मी म्हणाले, "व्यवस्थापक कोणी नाहीये. ते पत्र मी लिहिलं होतं."

तो उभाच राहिला. मी सगळं सांगितलं. विकत घेतलेल्या लिंका, नववं पान, दोनशे बारा पत्रं.

"म्हणजे माझी साइट तुम्ही बघितलीच नव्हती?"

"नाही. तुम्ही गेल्यावर बघितली, पहिल्या दिवशी."

"पहिल्या दिवशी." तो सावकाश म्हणाला. "म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं, माझी लिंक किती कामाची आहे ते."

"हो. पण हे सगळं... चहा, गप्पा... ते लिंकसाठी नव्हतं."

"ते मी कसं ओळखायचं?"

तो क्षणभर थांबला, खरंच थांबला होता, मला दिसलं. मग पायऱ्या उतरून निघून गेला.

मागे वळले तर आत्या. तिने सगळं ऐकलं होतं. आत्या रागावली की कपाट आवरते. तिने अर्धा तास सुयांची पाकिटं काढली आणि लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटत होतं, माझे हातच आता कोणाला नकोत. दोन महिने तू मला तसं वाटू दिलंस."

मी रडले. तिने जवळ घेतलं नाही. तिचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी शटल आलं. आत्याने मशीन दुरुस्त करून टेम्पोवाल्याबरोबर त्याच्याकडे पोचवलं. त्याने पैसे पाठवले, सोबत चिठ्ठी नाही. आता यायला त्याला कारणच राहिलं नव्हतं. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि दिवसभर दाराकडेच बघितलं.

महिना संपायच्या आदल्या सकाळी फोन वाजला. मग पुन्हा. दुपारपर्यंत सात.

"तुम्ही कुठे वाचलंत आमच्याबद्दल?" मी सातव्या बाईंना विचारलं, आणि त्यांनी त्याच्या साइटचं नाव घेतलं.

त्याने आत्याबद्दल लिहिलं होतं. ती मशीनचा आवाज ऐकून रोग सांगते, झिजलेला भाग हातावर ठेवून दाखवते, जे बदलायची गरज नाही ते बदलत नाही. खाली आमची लिंक. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आत्याने दोनदा वाचलं आणि आतेभावाला फोन लावला. "मला यायला वेळ नाही रे," ती म्हणाली. "कामं पडलीयत." फोन ठेवून तिने त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला.

मला आनंद झाला, खूप झाला. पण लिंक मिळाली, तो गेला. हिशेब मिटवून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी फोनवर कोणाला तरी दोरा कसा ओवायचा ते सांगत होते. दारात सावली पडली. तो रिकाम्या हाताने उभा होता. मी फोन कसा ठेवला, मला आठवत नाही.

"मशीन... पुन्हा बिघडलं?"

"नाही. झकास चाललंय."

"लिंकबद्दल आभार मानायचे होते..."

"ती तुमची नव्हतीच. आत्यांनी कमावली होती, त्यांना दिली." तो एक पायरी चढला. "ते आधी निपटायचं होतं. आता तुम्हाला माझ्याकडून काही नकोय. माझंही इथे काही काम नाही. हो ना?"

"हो," मी म्हणाले.

"म्हणून आलो. काम नसताना तुम्ही मला बसा म्हणता का, ते बघायला."

आतल्या खोलीतली खटपट एकदम थांबली. आत्या कान देऊन ऐकत होती, मला खात्री आहे. ऐकू दे म्हटलं.

"बस," मी म्हणाले. "आणि ऐक. मला तू आवडतोस. ती लिंक आत्ता काढून टाकलीस, तरी आवडशील."

त्याने खिशातून मोबाइल काढला. चेहरा अगदी गंभीर. "काढू?"

"हात तर लावून बघ!" मी ओरडले आणि त्याचा मोबाइल धरलेला हात दोन्ही हातांनी घट्ट पकडला.

तो हसला. हात त्याने सोडवून घेतला नाही.