कोरी जागा

मी वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात काम करते. तिथल्या चादरींवर काय काय येतं ते विचारू नका. पण माझ्या हाताखालून गेलेली चादर पांढरी होऊनच बाहेर पडते, आणि याचा मला थोडा गर्व आहे. त्यामुळे वादळानंतर आमच्या घरात बुरशी आली तेव्हा मी घाबरले नाही, चिडले. माझ्या घरात, आणि डाग!

घर कारखान्यात बनलेलं. दोन अर्ध्या तुकड्यांत, दोन ट्रकवर लादून आलं आणि बायूच्या, म्हणजे आमच्याकडच्या संथ, दलदलीच्या खाडीच्या काठावर जोडलं गेलं. चाकं त्याच दिवशी काढून टाकली, तरी आमच्याकडे सगळे अजून त्याला ट्रेलरच म्हणतात. भिंतींचे तक्ते इतके पातळ की कुणी पाठ टेकली तरी पलीकडच्या खोलीत कळतं. घराच्या तळाला खालून काळं प्लास्टिक ताणून बसवलेलं असतं, त्याला आम्ही घराचं पोट म्हणतो. वादळात बायूचं पाणी गुडघाभर आत शिरलं, मुक्कामाला राहिलं, आणि ओसरलं तेव्हा ते पोट पखालीसारखं फुगून लोंबत होतं.

पाणी गेल्यावर काय करायचं ते लुइझियानाच्या या टोकाला शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. भिंती कमरेपर्यंत कापायच्या. आतला भिजलेला कापूस ओढून रस्त्याकडेला फेकायचा. घराखाली सरपटत जाऊन पोटाला सुरीने चिरा द्यायच्या. आणि मग थांबायचं. पंखे लावायचे, लाकूड आतपर्यंत सुकेस्तोवर भिंती उघड्या ठेवायच्या, सांगाड्यात जेवायचं, सांगाड्यात झोपायचं. त्यात सगळ्यात अवघड ते थांबणंच.

माझ्या नवऱ्याला, ओविडला, ते जमलं नाही. तो समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असतो, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. बोलावणं आलं तेव्हा लाकूड अजून हाताला गार लागत होतं.

“थोडे दिवस उघडंच राहू दे,” मी म्हणाले.

“आणि मी तिकडे असताना तू आणि पोर या पिंजऱ्यात झोपणार? आरपार दिसतंय, अर्लीन. कुणीही आत शिरेल.”

“शिरू दे. मी आहे ना. शिरेल त्याचीच काळजी कर.”

तो हसला, पण जायच्या आधी सगळीकडे नवे तक्ते ठोकले, पोटाच्या चिरांना टेप मारली आणि एसी हुडहुडी भरेल इतका गार करून गेला. प्रेमापोटी केलं त्याने, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि चुकतंय हेही कळत होतं. पण खरं सांगू? मलाही भिंती हव्या होत्या.

उन्हाळा लागायच्या आधीच बुरशी आली. आधी कोचामागे, मिरी सांडावी तसे ठिपके. मग खिडकीखाली, मग न्हाणीघराच्या दारामागे. मी ब्लीचने पुसायची, दोन दिवस भिंत चकाकायची, आणि तिसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा, आधीपेक्षा दाट. हिरवट काळी, हात लावला तर मांजराच्या केसांसारखी मऊ. वास सडक्या बटाट्याच्या पोत्याचा. तो कपड्यांना लागला, भाताला लागला, आणि हळूहळू आम्हाला येईनासा झाला, ते तर सगळ्यात वाईट.

आमची नोएली सात वर्षांची. तिला खोकला लागला. कोरडा, बारीक, थांबतच नाही असा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पोरीला त्या घरातून बाहेर काढा.” जणू मी तिला तिथे हौसेने डांबून ठेवलं होतं! सबंध बायूवर भाड्याला एक खोली उरली नव्हती. मदत कार्यालयाने नवं घर मंजूर केलं होतं, पण ते कधी येणार हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. ओविडची मावशी, नोएलीची धर्ममाता, पलीकडच्या काठावर राहायची. तिला आम्ही सगळे नानान म्हणतो. तिचं छप्परच उडालेलं, ती गाडीला जोडून न्यायच्या खोक्याएवढ्या फिरत्या घरात दिवस काढत होती. जाणार कुठे? मी खिडक्या उघडल्या की बाहेरची दमट हवा आत यायची, मिटल्या की आतली कोंडायची. मी पोरीच्या छातीला कान लावून बसायची. घरघर ऐकू यायची.

एका शनिवारी सकाळी मी बादली घेऊन घरातल्या अरुंद बोळाच्या टोकाला गेले. तिथली भिंत खालपासून वरपर्यंत काळी झाली होती. फक्त मधोमध एक जागा कोरी होती. उभी, लांबट, वरती गोल, त्याखाली रुंद, एक खांदा किंचित खाली. पुसल्यासारखी नव्हती. पुसलं की फरकाटे राहतात, ते मी झोपेतही ओळखेन. तक्ता नुकता कारखान्यातून आल्यासारखा होता.

मी तळहात टेकवला. सगळी भिंत ओलीगार, आणि तेवढी जागा कोमट. नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

पलीकडून गरम पाण्याचा नळ जात असेल, असं मी स्वतःला सांगितलं. त्या भिंतीत नळ नव्हता. मग एसीचा झोत, मग तक्त्याचा वेगळा नग, असं काहीबाही. दुपारी नानान गंबोचं, आमच्या कोळंबीच्या दाट रश्श्याचं, पातेलं घेऊन आली तेव्हा तिला ओढत नेऊन दाखवलं.

“अख्ख्या घरात एक जागा स्वच्छ आहे, आणि तुला त्याचाही त्रास!” ती म्हणाली. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. “ओविड कधी आला होता गं?”

“रिगवर आहे की तो. येईल पुढच्या आठवड्यात.”

“आमच्या स्वयंपाकघरात तुझे काका टेकून उभे राहायचे ना, कॉफी होईपर्यंत. तिथला रंग अस्सा उडाला होता.” तिने त्या आकाराकडे बोट केलं. “इथे कोण उभं राहतं?”

“काहीतरीच काय, नानान!”

“काहीतरीच,” ती म्हणाली. पण गंबो तिने बाहेर पायरीवर बसून खाल्लं, आणि त्यानंतर आली तेव्हा पायरीच्या आत आली नाही.

पुढच्या आठवड्यात बोळातली जागा भरून काळी झाली. मला बरं वाटलं. बुरशी वाढली म्हणून बरं वाटणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. संध्याकाळी टीव्ही लावायला गेले, तर टीव्हीशेजारच्या काळ्या भिंतीवर तीच कोरी जागा. तोच उतरलेला खांदा.

मग ती नोएलीच्या दाराशी आली.

“नोएली, बाळा, ही भिंत तू पुसलीस का?”

“नाही ममा.” ती वाकून बुटांच्या नाड्या बांधत होती. “तो आता इथे उभा राहतो.”

“कोण तो?”

“मला काय माहीत?”

“तू पाहिलंस त्याला?”

“नाही गं. तो दिसत नाही. फक्त कुठे आहे ते दिसतं.”

इतक्या सहज म्हणाली, जसं शाळेच्या बसचा थांबा सांगावा. मी तिचं अंथरूण माझ्या खोलीत आणलं. पळायला जागा असती तर मी त्या क्षणी पोरीला काखोटीला मारून पळाले असते.

ओविड आला. त्याने ती जागा पाहिली, गाडीतून पहार आणली आणि तक्ता उचकटला. आतलं लाकूड काळ्या लोकरीने मढलेलं होतं, पण त्या आकाराच्या मागचं लाकूड कोरडं होतं. त्याच्या मागचा बाहेरचा पत्राही लखलखीत.

“मी हे बंद करायला नको होतं,” तो म्हणाला. एवढंच. पहार त्याने गाडीत परत ठेवली नाही, बायूत फेकून दिली.

देव पावला म्हणा, त्याच महिन्यात नवं घर आलं. नानानच्या काठावर, उंच खांबांवर बसवलं. आम्ही जुन्यातली एकही वस्तू घेतली नाही, उशीसुद्धा नाही. नोएली रडली म्हणून फक्त तिची बाहुली, तीही मी उकळत्या पाण्यातून काढूनच दिली. जुनं घर पाडायला यंत्र आलं तेव्हा मी मुद्दाम उभी राहिले. एकेक भिंत आडवी होत होती आणि मी प्रत्येक तुकडा निरखून पाहत होते. सगळे काळेकुट्ट, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कोरी जागा कुठेच नव्हती.

“बघ,” ओविड म्हणाला. “संपलं.”

मीही मान डोलावली. कोरी जागा कुठेच नसण्याचा दुसरा अर्थ मला तेव्हा सुचला नाही.

नव्या घराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र. हवेतली ओल ओढणारं यंत्र कोपऱ्यात गुणगुणायचं. नोएलीचा खोकला थांबला. मी कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणत भांडी घासली. पण पोर झोपेना. डोळ्यांखाली काळं आलं. दिवे घालवू देईना, भिंतीकडे पाठ करीना, जेवताना खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध बसायची.

“अगं, आता कशाला घाबरतेस? बघ किती स्वच्छ आहे सगळं!”

“म्हणूनच ना,” ती म्हणाली. “इथे सगळंच कोरं आहे. तो कुठे उभा आहे ते आता कसं कळणार?”

हातातली बशी मी खाली ठेवली. पांढऱ्या भिंतींकडे पाहिलं. एकेक करून चारही भिंतींकडे. आणि पहिल्यांदाच मला माझ्याच आवडत्या रंगाची भीती वाटली.

ओविड रिगवर गेला त्या दिवशी मी ते यंत्र बंद केलं. एसी बंद केला. खिडक्या उघड्या टाकल्या. नोएलीच्या खोलीत ओले टॉवेल वाळत घातले, आणि वाळले की पुन्हा भिजवले. तिचा खोकला परत येणार हे मला माहीत होतं. खोकल्याला औषध आहे, असं मी स्वतःला सांगितलं. कुणाला बोलले असते तर पोर माझ्याकडून काढून घेतली असती, आणि त्यांचं चुकलंही नसतं.

बुरशी आली. आधी खिडकीच्या चौकटीत, मग छताच्या कडेला, मग भिंती एकसारख्या राखाडी झाल्या. मी रोज सकाळी, पोर शाळेत गेली की, हात पाठीमागे बांधून एकेक भिंत तपासायची. बोळ. बैठक. न्हाणीघर. नोएलीची खोली, दार, दारामागची बाजू. सगळीकडे सारखीच. कोरं कुठेच नाही.

नोएलीनेही पाहिलं. बोट फिरवत फिरवत सगळ्या भिंती पाहिल्या.

“तो कुठेच उभा नाही, ममा!” ती म्हणाली, आणि हसली. ती हसलेली पाहून मला रडू आलं.

त्यानंतर ती आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर गाढ झोपू लागली. दिवा बंद करून. खोकत होती, पण झोपत होती.

झालं तर मग. ओविड यायच्या आत सगळं धुऊन काढायचं ठरवलं. पोरीला बसमध्ये बसवलं, यंत्र चालू केलं, ब्लीच ओतलं, हातमोजे चढवले. कुठूनही सुरुवात करायची तर माझी सुरुवात चादरीपासून.

नोएलीच्या पलंगावरची चादर ओढली.

इतक्या दमट हवेत गादी तरी कशी वाचेल? चादरीखाली ती सगळी राखाडी झाली होती.

मधे एक लहानशी कोरी जागा होती. पाय पोटाशी घेतलेली. माझी पोर तशीच झोपते.

तिच्या पाठीला लागून दुसरी होती. लांब, गादीच्या पायथ्यापर्यंत. एक खांदा किंचित खाली.

मी हातमोजा काढला. आधी लहान जागेवर तळहात ठेवला. ती गार होती. नोएलीला उठून बराच वेळ झाला होता.

मग दुसरीवर ठेवला. ती अजून कोमट होती.