जुनिपरची शेपटी

गारलंड टिबेट्स ओपल रेन्फ्रोच्या स्वयंपाकघरात बसला होता आणि त्याच्या पुढ्यातली कॉफी केव्हाच निवली होती. उभा जन्म घोडे शिकवण्यात गेलेला माणूस. खुर्चीवर टेकला तरी पाठ खोगिरावर बसल्यासारखी ताठ. चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं.

"शुक्रवारी सुनावणी आहे," तो म्हणाला. "घोड्यांच्या स्पर्धा घेणारी संघटना मला कायमचा बाद करणार. घोडीची शेपटी मी मारली म्हणे."

"मारली म्हणजे? कापली?" डेल्बर्टनं विचारलं. हा ओपलचा मेहुणा, ट्रक चालवून निवृत्त झालेला. ओपलची गाडी हाकायची आणि तिचे प्रश्न तिच्याआधी विचारायचे, ही दोन कामं तो हौसेनं करी.

"बधिर केली," ओपल म्हणाली. "घोडी वैतागली की शेपटी फटकारते, आणि परीक्षक गुण कापतात. मग काही दिवटे शेपटीच्या मुळाशी इंजेक्शन देतात. थोड्या दिवसांत शेपटी दोरीसारखी लोंबायला लागते. पुढे कधी जिवंत होते, कधी होतच नाही."

ओक्लाहोमातले बाकीचे खाजगी हेर नवऱ्यांच्या मागावर असायचे. ओपल घोड्यांच्या मागावर असायची, आणि तिचं बरं चाललं होतं.

"तुम्ही केलंत?" तिनं विचारलं.

"नाही," गारलंड म्हणाला. आज पाऊस नाही म्हणावं, तशा सुरात. पहिल्या दिवशी त्याला संताप आला होता. मग तोही गेला आणि मागे काही उरलं नाही. आता जेवणाची चवही लागत नव्हती.

"पहिल्यापासून सांगा."

"ही घोडी, जुनिपर, स्टॉलकप नावाच्या माणसाच्या मालकीची. शिकवतो मी, बसते माझी मुलगी मार्ला. शनिवारी रेनिंग होतं. गिरक्या घ्यायच्या, सुसाट पळायचं आणि मागच्या पायांवर घसरत थांबायचं. त्यासाठी मार्लानं शेपटीला जोडायचं केसांचं गंगावनही हौसेनं आणलं होतं, चांगलं जड. पण आदल्या दिवशी रँच रायडिंग होतं, त्यातही मी घोडीचं नाव घातलं होतं."

"ते काय असतं?" डेल्बर्ट.

"गुरांमागचा साधा घोडा चालतो तसं चालवायचं. नट्टापट्टा नाही. खुरांना काळं नाही, आयाळीला रबरं नाहीत, गंगावन नाही. मार्लाला लहानपणापासून तेच आवडतं. तिला अचानक खूश करावं म्हणून सांगितलं नव्हतं."

"झाली खूश?"

"पोटात दुखतंय म्हणाली. राहू दे म्हणाली. मी म्हटलं, घाबरतेस काय, आणि बसवली वर. छान चालवलं तिनं. शेवटी घोडे रांगेत उभे केले, तर जुनिपरच्या कुशीवर माश्याच माश्या आणि शेपटी ढिम्म. परीक्षकानं पशुवैद्याला बोलावलं." गारलंडनं टोपी फिरवली. "घोडा ज्याच्या हाताखाली, जबाबदार तो. दुसऱ्यानं केलं असं दाखवलं, तरच मी सुटतो."

"तबेल्यात हात कुणाकुणाचा जातो?"

"माझा, मार्लाचा, माझा मदतनीस ट्रेस ओडमचा. आणि स्टॉलकपचा. मालक आहे, हवा तेव्हा येतो."

ओपलनं कारची किल्ली डेल्बर्टकडे फेकली.

तबेल्यात ट्रेस ओडम जुनिपरच्या मांड्या पाण्यानं धूत होता. तिशीचा, तोंडाळ गडी.

"दिवसातून दोनदा हे!" तो म्हणाला. "शेपटी उचलताच येत नाही बिचारीला. सगळी घाण अंगावर."

"स्पर्धेच्या आधी धूत होतास?"

"छे. तेव्हा लख्ख असायची. शेपटीची वेणी, ती मळू नये म्हणून वर चढवायची पिशवी, ते सगळं मार्लाचं काम. मला तिथं कोण हात लावू देतं?"

डेल्बर्टनं छाती पुढे काढली. "गारलंडशी भांडलास म्हणे?"

"भांडलो. लपवतोय कशाला? मार्लावर ओरडत होते. 'शेपटी पुन्हा हलली तर घोडीवर ट्रेसला बसवीन,' म्हणाले. मी म्हटलं, मला नकोय कुणाची घोडी. बुटाच्या टाचेचं काटेरी चक्र घोडीच्या पोटात खुपसाल तर शेपटी हलणारच. आता घाला बेड्या!"

गारलंड दाराशीच उभा होता. हे आपण बोललो होतो हे त्याला आठवलं, पण ते दुसऱ्याच कुणाचं बोलणं असल्यासारखं वाटलं.

ओपलनं वाकून जुनिपरचा मागचा खूर पाहिला. "रेनिंगचे नाल नाहीत हे."

"मीच बदलले," ट्रेस म्हणाला. "स्पर्धेच्या बरेच आधी. घसरायचे ते रुंद गुळगुळीत नाल घालून रँच रायडिंगला दुडकी धरली असती, तर घोडी बसलीच असती खाली. मार्लाला सांगायचं, जुने सैल झाले. गारलंडसाहेबांचा हुकूम. रेनिंगआधी ते पुन्हा ठोकायचे होते."

विन्स्टन स्टॉलकप आपल्या पिकअपमधून उतरलासुद्धा नाही. काच खाली केली आणि तिथूनच तोफ डागली.

"बाई, मी घोडी विकायला काढली होती. मेल्या शेपटीची घोडी कोण घेणार? माझाच धंदा बुडाला!"

"रेनिंग जिंकली असती तर?"

"तर भाव वाढला असता. म्हणून मी सुई टोचली म्हणता?"

"रँच रायडिंगचं तुम्हाला कधी कळलं?"

"वसंतातच. माझ्या होकाराशिवाय नाव जातं का? मीच म्हटलं, दोन्हीकडे चमकू दे. आणि पोरीला सांगू नका म्हणून मलाच बजावलं होतं यांनी." त्यानं गारलंडकडे हनुवटी उडवली. "फार लाड."

मार्ला खोगिरांच्या खोलीत एक लगाम पुसत होती. तो आधीच स्वच्छ होता. तिनं वर पाहिलं नाही.

"घोडीचे नाल का बदलले, मार्ला?" ओपलनं विचारलं.

"सैल झाले होते. ट्रेस म्हणाला."

"आणि रँच रायडिंगचं?"

"त्या दिवशी सकाळी कळलं. बाबांनी खोगीर चढवून ठेवलं होतं." ती थांबली. "हसत होते."

 मग ओपलनं ट्रेसलाही आत बोलावलं आणि स्वतः गवताच्या एका गठ्ठ्यावर बसली.

"ट्रेसच," डेल्बर्ट कुजबुजला, पण त्याची कुजबुज अंगणापर्यंत जात असे. "गारलंड बाद झाला की तबेला याचा."

"ऐकू येतंय मला, काका," ट्रेस म्हणाला.

"डेल्बर्ट, जरा बस," ओपल म्हणाली. "मेलेली शेपटी परीक्षकासमोर न्यायची तर ती लपणार कशी? एकच उपाय. जड गंगावन. ते जोडलं की धडधाकट घोडीचीही शेपटी फारशी हलत नाही, मग कोण शंका घेणार? म्हणजे ज्यानं सुई टोचली, त्याच्या हिशेबात घोडी फक्त रेनिंगला उतरणार होती."

"बरं," डेल्बर्ट म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

"रँच रायडिंगला गंगावन चालत नाही. ते आदल्या दिवशी आहे हे ज्याला ठाऊक, तो असली शेपटी घेऊन भर उन्हात, माश्यांत रांगेत उभा राहील? गारलंडनं तर स्वतःच नाव घातलं. स्टॉलकपनं होकार दिला. ट्रेसनं त्यासाठीच नाल बदलले. तिघांनाही ठाऊक होतं."

गारलंडला पुढचं वाक्य कळलं. ते येताना दिसत होतं आणि बाजूला होता येत नव्हतं.

"उरला एकच माणूस," ओपल हळू आवाजात म्हणाली. "शेपटी काही त्याच सकाळी मेली नव्हती, त्याला दिवस लागतात. तेव्हाही घोडी घाण होत असणार. पण ती लख्ख होती, कारण कुणीतरी गुपचूप धूत होतं आणि शेपटीला दुसऱ्याचा हात लागू देत नव्हतं. आणि स्पर्धेच्या सकाळी, खोगीर चढलेलं पाहून, एकाच माणसाच्या पोटात दुखलं."

मार्लानं लगाम खुंटीला अडकवला.

"त्या सकाळी सांगणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही इतके खुशीत होता, बाबा. मग तुम्हालाच धरलं. रोज वाटायचं, आज विचारतील. तुम्ही ट्रेसवर ओरडलात, स्टॉलकपवर ओरडलात. मला एका शब्दानं विचारलं नाहीत."

"तू असं करशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तुम्ही जुनिपर माझ्याकडून काढून घेणार होता. तुम्ही म्हणालात ते करता, हे मला माहीत आहे. मला ती हवी होती. आणि मीच तिचं वाटोळं केलं." तिचा आवाज सपाट होता. गारलंडनं तो ओळखला, कारण तो त्याचाच होता.

"ओपल," तो म्हणाला, "तुमचं काम झालं. शुक्रवारी मी सांगतो, मीच केलं. माझे गुडघे गेलेत, अजून किती दिवस घोड्यावर बसणार आहे मी? हिचं सगळं व्हायचंय."

"मी साक्षीला आले तर खोटं बोलणार नाही," ओपल म्हणाली. "न बोलावलंत तर येणार नाही. ते तुमच्या घरातलं."

डेल्बर्ट गाडीची किल्ली काढून दाराकडे सरकला.

"नको, बाबा," मार्ला म्हणाली. "आजवर मी जिंकलेलं सगळं तुमचंच झालं. टिबेट्सची घोडी, टिबेट्सची मुलगी. कधी बसायचं, कशावर बसायचं, सगळं तुम्ही ठरवलंत. निदान हे तरी माझं असू द्या."

ट्रेस तोंड फिरवून बाहेर गेला.

गारलंडनं दाराच्या चौकटीला धरलं. एवढे दिवस बधिर पडलेलं आत कुठंतरी हललं, आणि ते दुखलं. फार दुखलं. लेकीच्या अंगावर ओरडून मोकळं व्हावं, ही जुनी सवय ओठांपर्यंत आली. तो थांबला.

"शुक्रवारी," त्यानं विचारलं, "मी बरोबर येऊ का?"

मार्ला त्याच्याकडे बघत राहिली. तो उत्तराची वाट पाहत उभा होता.