एकोणतीसला कोण आलं

"बा, खरं सांगा हं, तुम्हाला चंद्रकोर खरंच दिसते, की नुसतं बोट दाखवून मोकळे होता?"

हा प्रश्न विचारायची पैज वर्गमैत्रीण नुहैलाने लावली होती. "विचारून दाखव, नाहीतर वर्षभर माझं दप्तर उचल," असं ती सगळ्या वर्गासमोर म्हणाली, आणि वियाम काही मागे हटणाऱ्यातली नव्हती. साफी बंदरात बांचा मोठा मान. दर चांद्र महिन्याच्या एकोणतीसला सूर्य बुडाला की ते दोन म्हाताऱ्या मित्रांबरोबर समुद्राकाठच्या कड्यावर उभे राहत. मोरोक्कोभर अशी माणसं उभी असत. कोर दिसली तर महिना संपला. नाही दिसली तर उद्या तीस.

बा रागावले नाहीत. जोड्यांतली वाळू झटकत म्हणाले, "दिसते गं. पण नाही दिसली की मला बरं वाटतं."

स्वयंपाकघरात यम्माची, म्हणजे आईची, पळी थांबली.

का बरं वाटतं, ते वियामला ठाऊक होतं. थोरला भाऊ अन्वर सार्डिन मासळीच्या बोटीवर गेला तो चांद्र महिन्याच्या एका तीसला. बोट परतली, तो नाही. तेव्हापासून महिन्याला तीस असली की अस्रच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या, नमाजानंतर यम्मा बैठकीच्या खोलीत चहाचा चौथा पेला मांडायची, आणि चहा कमी झाला की अन्वर येऊन गेला म्हणायची. वियाम म्हणे, आईची समजूत, दुसरं काय! चहा उन्हानेही आटतो.

मग एका तीसला ती गृहपाठ घेऊन तिथेच बसली. जिन्यात ओली पावलं वाजली. दारावर तळहाताच्या दोन थापा पडल्या. यम्माने दार उघडलं, तर बाहेर कुणी नाही. डिझेलचा आणि मासळीचा वास तेवढा आत आला. खिडकीखालची गादी हळूच दबली. पेल्यातला पुदिन्याचा चहा बोटभर उतरला.

"जा रे राजा, उशीर होईल," यम्मा कुजबुजली. गादी वर आली, वास जिन्याने उतरून गेला.

वियामने हे कुणालाच सांगितलं नाही, नुहैलालासुद्धा नाही.

शाळेच्या संगणक मंडळात तेव्हा तिची लायब्ररी चालली होती, म्हणजे इतरांनी आपापल्या ॲपमध्ये घालायचा तयार कोड. तिला नियम द्या, दर दुसऱ्या गुरुवारी म्हणा, दर पौर्णिमेला म्हणा, ती पुढच्या साऱ्या तारखा काढून देई आणि वेळ झाली की फोन वाजवी. चांद्र महिन्यांसाठी वियामने गणिताचं कोष्टक बसवलं होतं. नमुना म्हणून घरचाच नियम घातला: दर चांद्र महिन्याची तीस, अस्रनंतर, अन्वर.

"जी तारीख महिन्यात नाहीच, तिचं काय करणार?" सरांनी विचारलं.

"गाळणार."

"किंवा एक दिवस अलीकडे सरकवशील. नीट विचार करून ठरव. इथेच भले भले फसतात."

"हात्तिच्या! एका ओळीचं तर काम आहे, सर."

त्या हिवाळ्यात लागोपाठ दोन महिने एकोणतीसचे निघाले. यम्मा चौथा पेला पुसायची, ठेवायची, पुन्हा पुसायची. एकदा म्हणाली, "तुझ्या त्या कोडला सांग ना गं, तीस नसेल तर एकोणतीसला. एवढी हुशार झालीस ना?"

वियाम अशी फुलली! अन्वर गेल्यापासून यम्माने तिच्याकडे काही मागितलंच नव्हतं. तिने त्याच दुपारी ओळ लिहिली.

रजब महिना कोष्टकाप्रमाणे एकोणतीसचा होता. एकोणतीसला अस्र झाली आणि फोन वाजला. यम्माने धावतपळत पेला मांडला. जिन्यात पावलं वाजली नाहीत. दारावर थाप पडली नाही. गादी मात्र दबली. वास कसलाच आला नाही. चहा तळापर्यंत संपला, पुदिन्याची पानंसुद्धा.

"किती तहानलाय बिचारा," यम्मा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. थोड्या वेळाने नेहमीसारखं म्हणाली, "जा रे राजा."

गादी वर आली नाही.

"असू दे. आज घाई नसेल त्याला."

दिवेलागणीला बा कड्यावरून परतले. वाऱ्याने डोळे लाल झाले होते. "आकाश लख्ख होतं. पण नाही दिसली. उद्या तीस."

 वियामने दबलेल्या गादीकडे पाहिलं. कोष्टक हिशेब करतं. इथला महिना डोळ्यांनी संपतो. एकोणतीसच्या दुपारी उद्या तीस की नवा महिना, हे साफीतलं शेंबडं पोरही सांगत नाही. तिने ते सांगून टाकलं होतं, आणि सांगितलेलं कुणीतरी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौथा पेला मांडलाच नाही. बसणारा तर बसलेलाच होता.

अस्र झाली.

जिन्यात ओली पावलं वाजली.

तळहाताच्या दोन थापा.

यम्माने दाराकडे पाहिलं. मग गादीकडे. "अन्वर तर आत आहे ना हो?"



पुन्हा थापा. जरा हळू.

वियामला उठवेना. दार उघडलं असतं, तर आतला कोण, हे विचारावं लागलं असतं.

पावलं उतरू लागली. तेव्हा कुठे ती धावली. उंबऱ्यावर ओल होती, डिझेलचा वास होता, आणि माशाचं एक खवलं चिकटलं होतं. खाली गल्लीत कुणी नव्हतं. ती अनवाणीच धक्क्यापर्यंत गेली, हाका मारल्या. जाळी विणणारे कोळी तेवढे वळून बघत राहिले.

घरी येऊन तिने ती ओळ पुसली. मग नियम पुसला. मग अन्वरचं नाव. पहिली थाप पडली तेव्हाच उठली असती तर, हे मात्र पुसता येईना.

गादी तशीच दबलेली राहिली. यम्माने गादीशी बोलणं सोडलं. पण खोलीत कुणीही बोललं की गादीवरचा खळगा त्या बाजूला कलतो, हे तिघांनीही पाहिलं होतं.

पुढच्या, शाबान महिन्याच्या एकोणतीसला, बा कड्यावर निघायच्या आधी, वियामने दोघांना जिन्यात बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"यम्मा, बा, मी ठरवलंय. उद्या तीस निघाली तर चहा इथे पायऱ्यांवर घ्यायचा. अन्वर आला की इथेच बसवू त्याला. आत नाही न्यायचं. त्याच्या जागी कोण बसलंय, ते त्याला कळता कामा नये."